नियोजित शॉपिंग सेंटर

रविवारी सकाळी हॉस्टेलच्या गेटमधून चार-पाच गाड्या एकापाठोपाठ बाहेर पडल्या की वॉचमन मामा "कुठं चाललाय रे?" असं विचारत नाहीत. ते फक्त म्हणतात, "येताना पेढं आणा." रविवार म्हणजे जोतिबा! आणि परीक्षा जवळ आलेली असेल तर गाड्या दुप्पट.

मीही जातो. फरक एवढाच की बाकीच्यांचं लक्ष घाटातल्या वळणांवर असतं आणि माझं रस्त्याकडेच्या बोर्डांवर. "एन. ए. प्लॉट", "निसर्गाच्या कुशीत रो-हाऊस", "सर्व सुविधा हाकेच्या अंतरावर"... सिव्हिलला आहे म्हणून ही सवय लागली असं मी मित्रांना सांगतो. खरं कारण वेगळं आहे. जोतिबाच्या पायथ्याच्या अंगाला, रत्नागिरी रोडपासून थोडं आत, अशाच एका वसाहतीत आमचं घर आहे. तिच्या माहितीपत्रकावर छापलेलं शॉपिंग सेंटर आम्ही २०१८ पासून शोधतोय.

संपादकांनी "काहीतरी टेक्निकल, पण मराठीत, आणि झोप येणार नाही असं" मागितलं होतं. म्हणून हा विषय घेतला. आज ना उद्या आपल्यापैकी बरेच जण अशी घरं बांधणार आहेत आणि जवळजवळ सगळेच ती विकत घेणार आहेत. स्टाफमधल्या काही सरांनी तर घेतलीसुद्धा आहेत, त्यांना हे वाचून आपल्या वसाहतीची आठवण आली तर तो योगायोग समजावा.

आधी ते माहितीपत्रक. २०१५ चा दसरा. मी तेव्हा पाचवीत होतो. वडील एस. टी. च्या वर्कशॉपला. बुकिंगच्या ऑफिसातून त्यांनी आणलेला तो गुळगुळीत कागद आमच्या घरी अजून आहे. पुढच्या पानावर "दारातून जोतिबाचं दर्शन" असं छापलंय. हे आश्वासन मात्र शंभर टक्के पाळलं गेलं, कारण डोंगर आधीपासूनच तिथं होता! मागच्या पानावर वसाहतीचा रंगीत नकाशा आणि त्याच्या एका कोपऱ्यात सहा केशरी चौकोन. खाली लिहिलंय, "नियोजित शॉपिंग सेंटर". शेजारी किराणा, मेडिकल, डेअरी यांची छोटी चित्रं आणि हातात फुगा घेतलेलं एक पोर.

वडिलांनी घर ठरवलं ते बजेटकडं बघून. आईनं ठरवलं ते त्या सहा चौकोनांकडं बघून. गावापासून इतकं लांब राहायचं तर दूध, गोळ्या, दळण जवळ पाहिजे हे एक. दुसरं म्हणजे त्यातल्या एका गाळ्यात पिठाची गिरण टाकायचं तिच्या डोक्यात होतं. ऑफिसातला माणूस हसून म्हणाला होता, "वहिनी, पहिला गाळा तुमचाच." आईनं ते वाक्य पैसे मोजून घेतल्यासारखं जपून ठेवलं.

२०१८ च्या पाडव्याला आम्ही राहायला आलो. त्या कोपऱ्यात उरलेल्या विटांचा ढीग, गवत आणि एक मोडका मिक्सर होता. विटा पुढं कुणीतरी नेल्या. बाकी जैसे थे.

दूध आणायला अडीच किलोमीटर. सायकल होती, त्यामुळं माझी तब्येत बरी राहिली. पण एका रात्री आज्जीची बी. पी. ची गोळी संपल्याचं नऊ वाजता लक्षात आलं. वडील नाईटला. आई मला आज्जीजवळ बसवून हायवेच्या कडेनं अंधारात चालत गेली आणि पाऊण तासानं परत आली. काही झालं नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात बिस्किटाचा एक डबा गोळ्यांनी भरलेला असतो आणि तो अर्धा झाला की आई अस्वस्थ होते. घरापासून दुकान किती लांब आहे, हा प्रश्न नकाशावर वेगळा दिसतो आणि रात्री नऊ वाजता वेगळा.

आता मुद्द्यावर येतो. बांधणारा फसवा होता म्हणून दुकानं झाली नाहीत, असं म्हणून विषय संपवता येतो. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण सेकंड इयरला टाऊन प्लॅनिंगचा विषय आला, तेव्हा लक्षात आलं की गोष्ट इतकी सरळ नाही. दुकानाच्या आश्वासनात दोन आश्वासनं असतात. एक म्हणजे गाळा बांधून देणं. दुसरं म्हणजे त्या गाळ्यात सकाळी सातला कुणीतरी शटर उघडून बसणं. पहिलं बांधणाऱ्याच्या हातात असतं. दुसरं त्याच्या बापाच्याही हातात नसतं. आणि माहितीपत्रक विकतं ते नेमकं दुसरं! चित्रात रिकामा गाळा कधी नसतो, फुगेवालं पोर असतं.

गणित करून बघू. आकडे माझे, अंदाजाचे. हवे तर बदला, उत्तर फारसं बदलणार नाही. आमच्या वसाहतीत सगळी मिळून ६४ घरं. महिन्याचा मोठा बाजार लोक गावातून भरतात, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध, ब्रेड, साबण, ऐनवेळचा गूळ-शेंगदाणा. घरामागं महिन्याला ३००० रुपये धरू. पहिल्या वर्षी राहायला आलेली घरं २२. म्हणजे उलाढाल ६६ हजार. किराण्यात सरसकट दहा टक्के सुटतात असं धरलं तर ६६०० रुपये. त्यातून गाळ्याचं भाडं, लाईट बिल, नासलेलं दूध आणि उधारी. बसणारा माणूस पहिल्याच महिन्यात कर्जात. बरं, सगळी ६४ घरं भरली तरी १९ हजार दोनशे. खर्च वजा जाता दहा-बारा हजार हातात, तेही सकाळी सहा ते रात्री दहा बसून. यापेक्षा एम. आय. डी. सी. त कामाला गेलेलं बरं, असं कुणीही म्हणेल. घरं दीडशेच्या पुढं गेली की कुठं हे गणित जमायला लागतं.

आणि इथंच फिरकी आहे. दुकान नाही म्हणून लोक राहायला येत नाहीत, लोक नाहीत म्हणून दुकान येत नाही. घर घेतलेले निम्मे लोक "जरा सोयी होऊ देत, मग जाऊ" म्हणून कुलूप लावून शहरातच भाड्यानं राहतात. आमच्या शेजारचं घर अशा विचारानं तीन वर्षं बंद होतं.

हे गणित जगाला नवीन नाही. १९२९ साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यात क्लॅरेन्स पेरी यांनी शेजारवस्तीची कल्पना मांडली. एक प्राथमिक शाळा चालेल एवढी, म्हणजे साधारण पाच ते नऊ हजार लोकांची वस्ती, आणि सगळं पाव मैलाच्या, आपल्या भाषेत ४०० मीटरच्या आसपास चालण्याच्या अंतरात. हे आपण परीक्षेत लिहितो. पण त्यातली एक ओळ आपण विसरतो. पेरी यांनी दुकानं वस्तीच्या मध्यभागी ठेवली नव्हती. ती कडेला, रहदारीच्या चौकात, शेजारच्या वस्तीच्या दुकानांना लागून ठेवली होती, म्हणजे एका दुकानाला दोन-तीन वस्त्यांचं गिऱ्हाईक मिळावं. चंदीगडमध्येही ८०० बाय १२०० मीटरच्या सेक्टरमधून जाणारा बाजाररस्ता शेजारच्या सेक्टरच्या बाजाररस्त्याला सलग जोडलेला आहे. एकटं, आतल्या कोपऱ्यात, कंपाऊंडच्या भिंतीला पाठ लावून बसलेलं दुकान कुणी शहाण्यानं सुचवलेलं मला तरी सापडलं नाही.

आमचे सहा केशरी चौकोन कुठं होते? बरोबर. आतल्या कोपऱ्यात. कारण रस्त्याकडेची जागा बांधणाऱ्यानं शोरूमसाठी राखून ठेवली होती.

कोल्हापूरकरांना खरं तर हे शिकवायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ साली, शाहू महाराजांनी स्टेशनच्या अंगाला शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं उभा राहिला. आधी माणसं आणि माल येण्याची वाट, मग पेठ. गिऱ्हाईक कुठून येणार याचं उत्तर नकाशा काढायच्या आधीच तयार होतं.

आणि वर डोंगरावर तर जिवंत उदाहरण आहे. जोतिबाला, म्हणजे कागदोपत्री वाडी रत्नागिरीला, पायऱ्या उतरताना दोन्ही बाजूंना बघा. नारळ, गुलाल, खोबरं, दवणा, पेढे, बांगड्या, खेळणी. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात मंदिर बांधताना "सर्व सुविधा हाकेच्या अंतरावर" असं कुणाला लिहून दिलं नव्हतं. तरी पिढ्यान् पिढ्या दुकानं आहेत. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते. मी एका नारळवाल्या आजोबांना म्हटलं, "आजोबा, तुमचं बरं आहे. गिऱ्हाईक देवच धाडतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आरं, रविवारी कोन बी इकंल. सोमवारी ये की बघायला."

मी खरंच सोमवारी गेलो. (प्रॅक्टिकल बुडवलं, सरांनी माफ करावं.) त्याच दुकानात नारळाच्या मागच्या फळीवर शाम्पूच्या पुड्या, मेणबत्त्या, बिस्किटं, साबण, सेल. गावातली बायका-पोरं येऊन तेच नेत होती. रविवारचं गिऱ्हाईक दुकान जगवतं आणि जगलेलं दुकान गावाला सोमवारी उपयोगी पडतं. वाडीच्या लोकांवर नुसतं ते दुकान चाललं नसतं. आम्हाला कळायला सेमिस्टर लागली ती गोष्ट आजोबांना तोंडपाठ होती.

त्यांनीच मग विकास आराखड्याचा विषय काढला. ६ मे २०२५ ला चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत जोतिबाच्या आराखड्याला २५९.५९ कोटींची मान्यता मिळाली, हे पेपरात सगळ्यांनी वाचलं. आजोबांना कोटींशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच, "नकाशात गाळं दावत्यात, पन मानसाची वाट कुठल्या अंगानं जानार त्ये कोन सांगंना." आमच्या टाऊन प्लॅनिंगच्या पुस्तकात या वाक्यासाठी एक आख्खं प्रकरण आहे.

आता कुणी म्हणेल, मग बांधणाऱ्याचा दोष नाहीच का? आहे. चांगला आहे. फक्त तो कुठं आहे हे नीट बघायला पाहिजे. त्यासाठी पैशाचा आणि कागदाचा प्रवास समजून घ्यावा लागतो.

पैसा असा चालतो. बांधणारा आधी घरं बांधतो, कारण घरं बुकिंगवर विकली जातात. दुकानाचा गाळा घेणारा मात्र आधी वस्ती बघतो. म्हणून दुकानं शेवटच्या टप्प्यात टाकली जातात. तोवर बहुतेक घरं विकून झालेली असतात. आता सहा गाळे बांधून त्याला काय मिळणार? फायदा होता तो केशरी चौकोन छापल्यावरच मिळाला. चौकोनाचं काम घर विकणं हे होतं, ते झालं. काही ठिकाणी गाळे बांधले जातात, पण चौरस फुटाचा भाव घरापेक्षा चढा, म्हणून ते घेतो गुंतवणूकदार. तो कुलूप लावून भाव वाढायची वाट बघतो. बाहेरून दुकानं आहेत, आत काही नाही. उपनगरांतून फिरताना अशी गंजलेली शटरं किती दिसतात ते मोजा एकदा.

याचं मोठं रूप म्हणजे लवासा. मुळशी भागात वरसगाव धरणाच्या काठी डोंगरात आख्खं शहर वसणार होतं. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं. दासवेला तळ्याकाठी रंगीत इमारती उभ्याही राहिल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं आणि २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. तिथं आमच्या उलटं झालं. गाळे झाले, रोज दूध घेणारी माणसंच पुरेशी आली नाहीत. दुकानांना आधार शनिवार-रविवारच्या पर्यटकांचा. जोतिबालाही तोच आधार आहे, पण खाली पिढ्यान् पिढ्या राहणारं गाव आहे. याच्या विरुद्ध हडपसरचं मगरपट्टा. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून ते उभं केलं आणि राहण्याबरोबर आय. टी. च्या नोकऱ्याही आत आणल्या. दिवसभर माणसं असतील तिथं चहावाल्यालासुद्धा आमंत्रण द्यावं लागत नाही. आपल्या कॉलेजच्या गेटसमोरची टपरी कुठल्या माहितीपत्रकात होती सांगा बघू!

कागदाचा प्रवास याहून महत्त्वाचा, कारण तिथं आपल्याला काही करता येतं. घर घेताना तीन कागद असतात आणि लोक नेमका चुकीचा वाचतात. एक माहितीपत्रक. दुसरा मंजूर नकाशा, म्हणजे सरकारी शिक्का असलेला. तिसरा नोंदणीकृत करार. माहितीपत्रकावर "नियोजित" आणि खाली मुंगीच्या अक्षरात "बदल करण्याचा हक्क राखून" असं असतं. मंजूर नकाशात त्या जागी दुकानं आहेत की नुसतं "भविष्यातील विकास" लिहिलंय ते बघावं. करारात सोयींची एक यादी शेवटी जोडलेली असते. आमच्या करारात त्या यादीत लिफ्ट, पाण्याची टाकी, अंतर्गत रस्ता, रस्त्यावरचे दिवे. दुकान हा शब्द नाही! वडिलांनी सही करताना पान उलटलं होतं, वाचलं नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात मागं रांग असताना ६० पानं कोण वाचतं?

कायद्यात दुकानांची कल्पना नाही असं नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत 'सोयीची दुकानं' अशी व्याख्याच आहे. साधारण २० चौरस मीटरपर्यंतची, रोजच्या गरजेची. रेशनचं धान्य, पान, शिंपी, केस कापणारा, भाजी-फळं, दूध, एवढंच काय, सायकल भाड्यानं देणारा आणि दुरुस्त करणारासुद्धा. म्हणजे सरकारी कागद लिहिणाऱ्याला रोजचं जगणं माहीत होतं. पण त्या वेळचा घरखरेदीचा कायदा, १९६३ चा मोफा, मुख्यतः घर, ताबा आणि मालकी हक्क यांच्याभोवती फिरत होता. २० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेण्याआधी नोंदणीकृत करार करा, असं तो सांगे. आमचं घर त्याच काळातलं.

मग आला रेरा. कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. आपल्याकडं महारेरा. यात दुकानांच्या दृष्टीनं कामाच्या गोष्टी आहेत. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटी माहिती दिली आणि त्यावर विसंबून पैसे भरल्यामुळं नुकसान झालं, तर कलम १२ प्रमाणे भरपाई, आणि व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. मंजूर नकाशात किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश घरमालकांची आधी लेखी संमती. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. सामाईक जागांच्या व्याख्येत तर प्रकल्पात दाखवलेल्या व्यापारी सुविधांचाही उल्लेख आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यू. आर. कोड सक्तीचा झाला, मोबाईल धरला की प्रकल्पाची नोंद समोर. २०२४ मध्ये महारेरानं सोयीसुविधा कधी देणार त्याच्या तारखा करारातच लिहायला लावल्या. ही तारीख म्हणजे माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. "नियोजित" या शब्दाला तारीख नसते, म्हणून तर तो छापतात.

तरीही एक खिंड राहते आणि आमची गाडी तिथंच अडकली. रेरात प्रकल्प टप्प्याटप्प्यानं असेल तर प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प धरला जातो. २०१७ साली ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळाला नव्हता अशा चालू प्रकल्पांना नोंदणी करणं भाग होतं. आमच्या वसाहतीचीही झाली. लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद होतं तेव्हा शेजारच्या दादानं वडिलांना महारेराच्या साईटवर ते पान उघडून दाखवलं. टप्पा एक, ६४ घरं. दुकानं, शून्य. ते सहा चौकोन "टप्पा दोन" मध्ये होते आणि टप्पा दोनची नोंदणीच नव्हती. जो प्रकल्प कागदावर नाही, तो उशिरा झाला म्हणून तक्रार कशी करणार? वडील बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपण टप्पा एकमध्ये राहतोय, आणि दूध टप्पा दोनमध्ये आहे."

ग्राहक मंचाचा रस्ता मात्र जुना आहे. घरबांधणी ही सेवा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. ऑगस्ट २०२० मध्ये बंगळूरच्या एका मोठ्या गृहप्रकल्पाच्या खटल्यात त्याच न्यायालयानं घराच्या ताब्याबरोबर कबूल केलेल्या सोयींचाही विचार केला आणि उशिरासाठी वर्षाला सहा टक्क्यांनी भरपाई द्यायला लावली. पण इथं घड्याळ चालू असतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं असतं. आपली माणसं "देतील हो, एवढा मोठा माणूस आहे" म्हणत पाच वर्षं काढतात. ऑफिसात गेलं की चहा मिळतो, साहेब साईटवर असतात. वडिलांनी असे निदान दहा चहा घेतले.

तेव्हा माहितीपत्रक हातात आलं तर दुकानाच्या चौकोनावर बोट ठेवून विचारा, हे मंजूर नकाशात कुठं आहे, कुठल्या टप्प्यात आहे, त्या टप्प्याचा रेरा नंबर काय, कराराच्या यादीत लिहून तारीख देणार का? आणि एक प्रश्न स्वतःला, या दुकानाला बाहेरच्या रस्त्यावरून गिऱ्हाईक येऊ शकतं का? येत नसेल तर गाळा मिळाला तरी शटर उघडणार नाही. आणि उद्या तुम्हीच ड्रॉईंगला बसाल तेव्हा हा चौकोन भिंतीकडं न ढकलता रस्त्याकडं ठेवता आला तर बघा. साहेब ऐकणार नाहीत, पण सांगून तर बघा.

आमच्या वसाहतीत शेवटी दुकान झालं. २०२१ च्या पावसाळ्यात समोरच्या काकूंनी त्यांच्या पार्किंगमध्ये एक टेबल, दोन फळ्या आणि एक जुना फ्रिज लावला. काकांची नोकरी गेली होती. दूध, ब्रेड, अंडी, मॅगी, रिचार्ज. भाडं नाही, नोकर नाही, म्हणून ते ६४ घरांत चाललं. आज्जीच्या गोळ्या तिथं मिळत नाहीत, पण काकू कुणाच्यातरी गाडीवर सांगून मागवून ठेवतात. वसाहतीतल्या सगळ्यांची सोय झाली, आणि तरी दोन घरांनी तक्रार केली की पार्किंगचा व्यापारी वापर नियमात बसत नाही. त्यांचं चुकलंही नाही. गाड्या लागतात, पोरं रात्री उभी राहतात.

सोसायटीचे सेक्रेटरी आमचे वडील. नोटिशीवर सही त्यांनाच करायची होती. त्याच आठवड्यात त्यांनी दुकानांबद्दल बांधणाऱ्याला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की वसाहतीत किराणा दुकान सुरू असल्याचं समजतं, त्यामुळं स्वतंत्र शॉपिंग सेंटरची निकड राहिलेली नाही. काकूंचं दुकान चालू ठेवलं तर त्यांना सबब मिळते, बंद केलं तर दूध पुन्हा अडीच किलोमीटरवर.

सभा झाली. आईनं पहिल्यांदाच सभेत हात वर केला. म्हणाली, "आधी त्यांनी गाळे बांधावेत, मग ह्यांनी टेबल उचलावं. तोवर नोटीस काढू नका." कुणी विरोध केला नाही, कुणी पाठिंबाही दिला नाही. वडिलांनी मिनिट बुकात लिहिलं, "विषय पुढील सभेपर्यंत तहकूब." मग बांधणाऱ्याकडं पाठवायच्या दुसऱ्या पत्रावर सह्या घेतल्या. ४१ झाल्या. तक्रार करणाऱ्या दोन्ही घरांच्या त्यात आहेत. काकूंनी सही केली नाही.

घरी येताना आईनं काकूंच्याकडून अर्धा लिटर दूध घेतलं. सुट्टे नव्हते, म्हणून वहीत मांडलं.